पाण्याच्या पायऱ्या

विद्यार्थी मित्रांनो, पायऱ्या चढणारी होडी तुम्ही कधी पाहिली आहे का? तुम्ही म्हणाल, होडी पाण्यात चालते, ती पायऱ्या कशी चढणार? पण जगात अशी काही गावे आहेत, जिथे होड्या खरोखरच पायऱ्या चढतात आणि उतरतात. त्यांपैकी एका गावाला आज आपण जाऊ या.

हे गाव स्कॉटलंड देशात आहे. त्याचे नाव फोर्ट ऑगस्टस. गाव अगदी लहान आहे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूलाही डोंगर आणि समोर नेस नावाचे लांबच लांब सरोवर. सरोवर म्हणजे झील, हे तुम्हांला ठाऊकच आहे. नेस सरोवराची लांबी सुमारे 36 किलोमीटर आहे आणि खोली काही ठिकाणी 200 मीटरांपेक्षाही जास्त आहे. त्याचे पाणी काळसर दिसते. या पाण्यात एक मोठा प्राणी राहतो, अशी गोष्ट 1933 सालापासून जगभर पसरली. त्या प्राण्याला पाहायला हजारो लोक येतात. तो मात्र अजून कोणाला नीट दिसलेला नाही! आपण त्याच्यासाठी थांबायचे नाही. आपल्याला पाहायचा आहे तो या गावातला कालवा.

कालवा म्हणजे नहर. फोर्ट ऑगस्टस गावाच्या अगदी मधून कालवा जातो. त्याच्या दोन्ही काठांवर घरे आहेत, दुकाने आहेत. सरोवराकडून एक होडी येते. रस्त्यावरचा पूल बाजूला वळतो, मोटारी थांबतात आणि होडी कालव्यात शिरते. समोर उंच दरवाजा आहे. होडी दगडी भिंतींच्या एका मोठ्या हौदात येऊन थांबते. मागचा दरवाजा बंद होतो. मग पुढच्या दरवाजाच्या खालच्या झडपा उघडतात आणि वरच्या बाजूचे पाणी फेसाळत हौदात येऊ लागते. पाणी वाढते, तशी होडीही वर वर उचलली जाते. हौदातले पाणी वरच्या पाण्याइतके झाले की पुढचा दरवाजा सहज उघडतो. होडी पुढच्या हौदात जाते. तिथेही असेच होते. एकामागून एक असे पाच हौद आहेत. पाचवा हौद ओलांडला की होडी सरोवरापेक्षा सुमारे 40 फूट, म्हणजे 12 मीटर उंच आलेली असते. यासाठी जवळजवळ एक तास लागतो. काठावर उभे राहून मुले, म्हातारी माणसे आणि प्रवासी हा तमाशा पाहत असतात.

या हौदाला लॉक म्हणतात. आपण त्याला पाण्याची पायरी म्हणू या. यात एक गंमत आहे, ती ध्यानात घ्या. पाणी वर चढवायला इथे पंप लागत नाही. पाणी आपल्या स्वभावाप्रमाणे वरून खालीच येते आणि त्याच्याच जोरावर होडी खालून वर जाते. दरवाजाच्या दोन फळ्याही सरळ रेषेत बंद होत नाहीत. त्यांचे टोक वरच्या पाण्याकडे असते. त्यामुळे पाणी जितके जोराने ढकलते, तितका दरवाजा अधिक घट्ट बसतो.

हा कालवा ज्या माणसाने बांधला, तो एका गरीब मेंढपाळाचा मुलगा होता. त्याचे नाव थॉमस टेलफर्ड. या पाठात आपण त्याची हकीकत वाचणार आहोत.

थॉमसचा जन्म 9 ऑगस्ट 1757 रोजी स्कॉटलंडच्या दक्षिण भागात, एस्कडेल नावाच्या खोऱ्यात झाला. ग्लेनडिनिंग नावाच्या डोंगरी वस्तीवर त्याचे वडील दुसऱ्याच्या मेंढ्या राखत होते. मुलगा तीन महिन्यांचा झाला आणि वडील वारले. आई जॅनेट हिला ती जागा सोडावी लागली. दुसऱ्या कुटुंबाबरोबर वाटून घेतलेल्या एका झोपडीत मायलेक राहू लागले. आई शेजाऱ्यांच्या शेतांवर काम करी. थॉमस थोडा मोठा झाला, तेव्हा तोही लोकांची गुरे आणि मेंढ्या राखू लागला. कुणाचे निरोप पोहोचव, कुणाचे सरपण आण, अशी कामेही तो करी. त्याबद्दल कधी जेवण मिळे, कधी पायमोजे, तर कधी लाकडी तळाचे बूट. हिवाळ्यात तो गावच्या शाळेत जाई. शाळेची फी त्याचे मामा भरत. एवढ्या गरिबीतही तो सदा आनंदी असे. म्हणून लोक त्याला हसरा टॅम म्हणत.

पुढे तो पाथरवटाचे काम शिकू लागला. त्या काळी मुलांनी उस्तादाच्या हाताखाली उमेदवारी करून हुन्नर शिकण्याची रीत होती. पण थॉमसचा पहिला उस्ताद फार कठोर होता. काही महिन्यांतच थॉमस तिथून पळून घरी आला. असा मुलगा वाया गेला, असे कोणालाही वाटले असते. पण लँगहोम गावात त्याला दुसरा उस्ताद मिळाला आणि तिथे तो मन लावून काम शिकला. लँगहोमला नदीवर दगडी पूल बांधला जात होता. त्या पुलावर थॉमसने काम केले. पाथरवट आपण घडवलेल्या दगडावर आपली खूण कोरत असत. त्या पुलाच्या दगडांवर थॉमसची खूण अजूनही दाखवतात.

त्याच गावात एक वृद्ध बाई राहत होत्या. त्यांच्याकडे पुस्तके होती. या मुलाला वाचनाची आवड आहे, हे त्यांनी ओळखले आणि त्याला पुस्तके वाचायला दिली. दिवसभर हातात हातोडा आणि छिन्नी, रात्री चुलीच्या उजेडात पुस्तक, असे त्याचे दिवस जाऊ लागले. तो कविताही करू लागला. आपल्या एस्कडेल खोऱ्यावर त्याने लिहिलेली कविता पुढे छापलीही गेली. कविता फार मोठी नव्हती, कवीही फार मोठा नव्हता. पण दगड फोडणाऱ्या मुलाने ती लिहिली होती, हे विसरू नका.

वडिलांची आठवण त्याला नव्हती. तरी पाथरवट झाल्यावर त्याने त्यांच्या कबरीसाठी आपल्या हाताने एक दगड घडवला आणि त्यांचे नाव कोरले. मरण पावलेला मनुष्य निष्कलंक मेंढपाळ होता, एवढेच त्यावर लिहिले.

1780 मध्ये थॉमस एडिंबरो शहरात गेला. तिथे नवे शहर वसत होते. पाथरवटांना भरपूर काम होते. तिथे तो नकाशे काढायला शिकला. दोन वर्षांनी त्याने लंडन गाठायचे ठरवले. जायला पैसे कुठले? योगायोगाने एका जमीनदाराला आपला घोडा लंडनला पोहोचवायचा होता. थॉमसने ते काम घेतले. दूरच्या घोडेस्वारीसाठी चामड्याची विजार हवी होती. ती त्याने मामेभावाकडून मागून घेतली. असे सांगतात की ती विजार परत करायची राहून गेली आणि मामेभाऊ जन्मभर त्याची आठवण काढीत राहिला!

लंडनमध्ये समरसेट हाऊस नावाची मोठी सरकारी इमारत बांधली जात होती. तिथे थॉमस दगड घडवू लागला. काम करता करता तो बांधकामाची पुस्तके वाचत होता. चुना कसा घट्ट होतो, कोणता दगड पाण्यात टिकतो, लाकूड का कुजते, हे सारे तो वहीत लिहून ठेवी. हळूहळू त्याच्यावर मोठी कामे सोपवली जाऊ लागली. पोर्ट्समथच्या गोदीत त्याने इमारतींवर देखरेख केली. मग एस्कडेलच्याच एका घराण्यातील विल्यम पुल्टनी या श्रीमंत गृहस्थांनी त्याला श्रूजबरी गावी बोलावले. 1787 च्या सुमारास तो त्या जिल्ह्याच्या सार्वजनिक बांधकामांचा अधिकारी झाला. मेंढपाळाच्या मुलाला आता लोक साहेब म्हणू लागले. आपणही यापुढे त्यांना टेलफर्ड म्हणू या.

श्रूजबरीत एक जुने चर्च होते. त्याचे छत गळत होते. टेलफर्ड यांनी ते तपासले आणि सांगितले की प्रश्न छताचा नाही. पाया आणि खांब खचले आहेत, इमारत केव्हाही पडेल. चर्चच्या कारभाऱ्यांना ते पटले नाही. नव्या माणसाला काम मिळवायचे आहे, असे समजून त्यांनी त्याची थट्टा केली. थोड्याच दिवसांनी, 1788 च्या जुलै महिन्यात एका पहाटे ते चर्च कोसळले. सुदैवाने आत कोणी नव्हते. त्यानंतर टेलफर्ड यांच्या म्हणण्याला लोक हसले नाहीत.

आई अजून एस्कडेलमध्येच होती. टेलफर्ड तिला नेमाने पत्रे पाठवीत. त्यात एक विशेष होते. आईला हातचे जोडून लिहिलेले अक्षर वाचता येत नसे. म्हणून कितीही काम असले तरी ते पुस्तकासारखे सुटे, छापील अक्षर काढून पत्र लिहीत. आईला कोणाकडून पत्र वाचून घ्यावे लागू नये, अशी त्यांची इच्छा होती. 1794 मध्ये आई वारली. मुलाची खरी मोठी कामे तिने पाहिली नाहीत.

त्यांतले पहिले मोठे काम वेल्समध्ये झाले. तिथे एका खोल दरीवरून कालवा न्यायचा होता. दरीत उतरायचे आणि पुन्हा चढायचे, तर कितीतरी लॉक लागले असते. टेलफर्ड यांनी दरीवर उंच दगडी खांब उभारले आणि त्यांवर ओतीव लोखंडाची लांब पन्हळ ठेवली. त्या पन्हळीतून कालवा जातो. हा पाँटकसल्टेचा जलसेतू. त्याची लांबी 307 मीटर आहे आणि उंची सुमारे 38 मीटर. खांबांचा वरचा भाग आतून पोकळ ठेवला, म्हणजे वजन कमी झाले. 1795 पासून 1805 पर्यंत, दहा वर्षे काम चालले. एवढ्या उंचीवर काम होऊनही एकच मजूर दगावला. त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती. आजही त्यावरून होड्या जातात. 2009 मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

आता आपण पुन्हा स्कॉटलंडकडे वळू या. 1801 आणि 1802 या वर्षांत सरकारने टेलफर्ड यांना स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ प्रदेशात पाठवले. तिथे रस्ते नव्हते, नद्यांवर पूल नव्हते. पण त्यांनी पाहिले ते याहून दुःखाचे होते. गावेच्या गावे ओस पडत होती. जमीनदारांना कुळांकडून मिळणाऱ्या खंडापेक्षा मेंढ्यांच्या लोकरीतून जास्त पैसा मिळत होता. म्हणून ते कुळांना घरांतून काढून देत आणि त्या जमिनीवर मेंढ्या सोडत. हजारो माणसे जहाजांत बसून अमेरिकेला निघाली होती. विचार करा, ज्या माणसाच्या वडिलांनी मेंढ्या राखून पोट भरले, त्याला आता दिसत होते की मेंढ्यांसाठी माणसे देशोधडीला लागत आहेत. टेलफर्ड यांनी हे आपल्या अहवालात स्पष्ट लिहिले. लोकांना थांबवायचे असेल तर त्यांना इथेच काम द्या, असा त्याचा अर्थ होता. रस्ते बांधा, पूल बांधा आणि एक मोठा कालवा खणा, असे त्यांनी सुचवले.

कालव्याची कल्पना अशी होती. या प्रदेशात ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे जाणारी एक सरळ दरी आहे. तिला ग्रेट ग्लेन म्हणतात. जणू कोणी तलवारीने देशाचे दोन तुकडे केले आहेत! या दरीत सरोवरे एका रांगेत आहेत. मधल्या कोरड्या जमिनीत कालवे खणून ती जोडली, तर जहाजे एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात जाऊ शकतील. नाही तर त्यांना देशाच्या उत्तर टोकाला वळसा घालावा लागे. तिथला समुद्र फार खवळलेला असे आणि दरवर्षी जहाजे बुडत. शिवाय तेव्हा फ्रान्सशी लढाई चालू होती आणि फ्रेंच जहाजांची भीती होती.

1803 मध्ये सरकारने परवानगी दिली. विल्यम जेसप या अनुभवी अभियंत्यांचा सल्ला घेण्यात आला आणि टेलफर्ड यांनी कामाची जबाबदारी उचलली. सात वर्षे लागतील आणि सुमारे साडेतीन लाख पौंड खर्च येईल, असा त्यांचा अंदाज होता. हा आकडा लक्षात ठेवा.

कामाला माणसे आली. कोणी डोंगरातून आले, कोणी बेटांवरून आले. त्यांतील अनेकांनी कालवा म्हणजे काय हे कधी पाहिले नव्हते. कुदळ, फावडे आणि ढकलगाडी यांवरच बहुतेक काम चालले. काही वर्षे एका वेळी हजाराहून अधिक मजूर कामावर असत. दिवसाची मजुरी साधारण दीड शिलिंग होती. धान्य महाग झाले, तेव्हा मजुरांना ओटचे पीठ खरेदीच्या भावाने मिळेल, अशी व्यवस्था केली होती. पण हे लोक मुळात शेतकरी आणि कोळी. पेरणी आली, की गावी जात. हेरिंग मासे किनाऱ्याला आले, की समुद्रावर जात. जळणासाठी दलदलीतली माती कापायची वेळ आली, की पुन्हा गावी. देखरेख करणारे वैतागत. मला मात्र त्या मजुरांचा राग येत नाही. मजुरी संपल्यावर खायचे काय, हा प्रश्न त्यांना रोजच होता. घरची शेती सोडून ते कसे राहणार?

जमिनीनेही टेलफर्ड यांची कमी परीक्षा घेतली नाही. इन्व्हरनेस शहराजवळ कालवा समुद्राला मिळतो. तिथे किनाऱ्यावर चिखल होता, तोही पन्नास फुटांपेक्षा खोल. समुद्र उथळ असल्यामुळे जहाजांसाठी लॉक किनाऱ्यापासून दूर, त्या चिखलातच बांधायला हवे होते. चिखलात भिंत उभी कशी राहणार? तेव्हा त्यांनी किनाऱ्यावरून समुद्रात मातीचा बांध घालत नेला. त्यावर आणखी माती आणि दगड टाकले आणि ते वजन तसेच ठेवून दिले. कितीतरी महिने तो ढीग हळूहळू खाली बसत राहिला. खालचा चिखल दाबला गेला आणि घट्ट झाला. मग त्याच ढिगात खड्डा खणून त्यांनी लॉक बांधले. घाई केली असती तर सारे समुद्रात गेले असते.

दुसऱ्या टोकाला, बॅनव्ही येथे, आठ लॉक एकाला एक लागून बांधले. त्यांना लोक समुद्रदेवतेचा जिना म्हणतात. आज साऱ्या मार्गावर 29 लॉक आहेत. सगळा जलमार्ग 97 किलोमीटरांचा आहे. त्यांतले सुमारे 35 किलोमीटर माणसांनी खणलेले आहेत. बाकी सरोवरे.

आणि मग आले आपले फोर्ट ऑगस्टस. इथले काम फार अवघड निघाले. सरोवराच्या काठाशी सर्वांत खालच्या लॉकचा पाया घालायचा होता. तो सरोवराच्या पाण्याच्या पातळीपेक्षा पुष्कळ खाली न्यावा लागणार होता. जमीन म्हणजे नुसती वाळू आणि गोटे. जितके खणावे, तितके पाणी आत झिरपत येई. शेजारी नदी वाहत होती. तिचा प्रवाह बाजूला वळवावा लागला. वाफेची इंजिने आणून बसवली. ती दिवसरात्र खड्ड्यातले पाणी उपसत. इंजिन थांबले की खड्डा भरलाच म्हणून समजा. अशा पाण्याशी झगडत कामगारांनी पायाचा दगड बसवला, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. लढाईमुळे चांगले ओकचे लाकूड मिळेना, म्हणून अनेक लॉकचे दरवाजे ओतीव लोखंडाचे करून त्यांवर पाइनच्या फळ्या ठोकल्या. 1819 मध्ये टेलफर्ड यांचे मित्र, कवी रॉबर्ट साउदी त्यांच्याबरोबर इथे आले, तेव्हा काम जोरात चालू होते.

सात वर्षे कधीच उलटून गेली होती. लढाईमुळे लाकूड, धान्य, मजुरी, सर्व महागले. पार्लमेंटात प्रश्न विचारले जाऊ लागले. शेवटी 1822 च्या ऑक्टोबर महिन्यात कालवा उघडला. 23 तारखेला वाफेवर चालणारी बोट इन्व्हरनेसहून निघाली. तोफा वाजल्या, काठावर लोकांनी गर्दी केली. संध्याकाळी पाहुणे फोर्ट ऑगस्टसला पोहोचले. तिथे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी ते पश्चिमेकडील फोर्ट विल्यमला उतरले. सात वर्षांच्या कामाला एकोणीस वर्षे लागली होती. साडेतीन लाखांच्या जागी नऊ लाख पौंडांपेक्षा जास्त खर्च झाला होता.

एवढे करूनही कालवा पूर्ण खोल झाला नव्हता. 20 फूट खोल करायचे ठरले होते, पण उघडला तेव्हा तो सुमारे 14 फूटच होता. लढाई 1815 मध्येच संपली होती, तेव्हा शत्रूच्या जहाजांची भीती उरली नव्हती. नवी जहाजे मोठी होऊ लागली होती. वाफेच्या जहाजांना वादळी समुद्राचे भय पूर्वीइतके राहिले नव्हते. कालव्यातून मोजकीच जहाजे जात. मिळणाऱ्या पैशातून दुरुस्तीचा खर्चही भागेना. ज्या कामावर टेलफर्ड यांनी आयुष्याची सर्वांत चांगली वर्षे घालवली, ते फसले असे लोक म्हणू लागले. लोकांचे परदेशी जाणेही थांबले नाही. काम चालू होते तोवर कित्येक घरांत चूल पेटली. काम संपल्यावर जमीनदारांच्या मेंढ्या तिथेच होत्या.

मग टेलफर्ड हरले का? हिशेबाच्या वहीत पाहिले तर हरले, आणि त्यांचा अंदाज चुकला हे लपवण्यात काही अर्थ नाही. पण याच काळात त्यांनी त्या डोंगराळ प्रदेशात सुमारे 920 मैल रस्ते आणि हजाराहून अधिक पूल बांधून घेतले. त्या रस्त्यांनी डॉक्टर, शिक्षक, टपाल आणि व्यापारी गावांपर्यंत पोहोचले. मजूर म्हणून आलेली अनेक माणसे कुशल कारागीर होऊन परत गेली. माझ्या मते कालव्याचा हिशेब करताना हेही धरायला हवे.

टेलफर्ड यांचे काम स्कॉटलंडपुरते राहिले नाही. 1808 मध्ये स्वीडनच्या लोकांनी त्यांना बोलावले. तिथल्या गोटा कालव्याचा मार्ग त्यांनी आखून दिला. वेल्समध्ये मेनाय नावाची समुद्राची खाडी आहे. तिच्यावर त्यांनी लोखंडी साखळ्यांचा झुलता पूल बांधला. दोन बुरुजांमधले अंतर 176 मीटर. तेवढा लांब झुलता पूल त्या वेळी जगात दुसरा नव्हता. 1826 मध्ये तो खुला झाला. साखळ्या चढवण्याच्या दिवसांत त्यांना रात्री झोप लागत नसे.

त्यांनी लग्न केले नाही. स्वतःचे घरही फार वर्षे केले नाही. लंडनला आले की ते एका कॉफी हाऊसमध्ये राहत. तिथे त्यांना भेटायला इतके लोक येत, की त्यांच्यामुळे त्या जागेची किंमत वाढली. असे सांगतात की नव्या मालकाने टेलफर्ड इथे राहतात म्हणून जादा पैसे देऊन ती जागा घेतली आणि थोड्याच दिवसांत टेलफर्ड स्वतःच्या घरी राहायला गेले! बिचाऱ्याचे तोंड पाहण्यासारखे झाले असेल.

1820 मध्ये अभियंत्यांच्या संस्थेचे ते पहिले अध्यक्ष झाले. ही तरुण अभियंत्यांनी सुरू केलेली लहान संस्था होती. टेलफर्ड यांनी तिला आपली पुस्तके दिली आणि तरुणांनी आपल्या कामाची टिपणे लिहून ठेवावीत, असा आग्रह धरला. म्हातारपणी त्यांना ऐकू कमी येऊ लागले. लोकांत बसणे त्यांना नकोसे झाले. 2 सप्टेंबर 1834 रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांना वेस्टमिन्स्टर ॲबी या प्रसिद्ध ठिकाणी पुरले. पंचवीस वर्षांनी रेल्वेचे मोठे अभियंते रॉबर्ट स्टीफन्सन वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांनाही टेलफर्ड यांच्या शेजारीच जागा देण्यात आली.

टेलफर्ड यांच्या मृत्युपत्रात, म्हणजे वसीयतनाम्यात, दोन लहान ग्रंथालयांची नावे होती. एक लँगहोमचे आणि दुसरे त्यांच्या जन्मगावाजवळच्या वेस्टरकर्कचे. पुस्तके विकत घेण्यासाठी त्यांनी दोघांना पैसे ठेवले होते. लहानपणी पुस्तक उसने देणाऱ्या त्या बाईंचा त्यांना विसर पडला नसावा.

कालव्याचे पुढे काय झाले, ते तुम्ही विचारणार. टेलफर्ड यांच्या मृत्यूनंतर तो बंद करून खोल करण्यात आला आणि 1847 मध्ये पुन्हा उघडला. पुढे प्रवासी बोटी सुरू झाल्या. 1873 मध्ये राणी व्हिक्टोरिया या कालव्यातून गेली. तिला लॉकमध्ये थांबण्याचा कंटाळा आला, पण तिच्यामागून इतर प्रवासी येऊ लागले. पहिल्या महायुद्धात मासेमारी बोटी आणि युद्धाचे सामान या मार्गाने गेले. 1990 नंतरच्या दशकात भिंती जुन्या होऊन फुगू लागल्या, तेव्हा कालवा बंद करावा की काय, असा प्रश्न आला. तो बंद केला नाही. 1995 पासून जवळजवळ दहा वर्षे, हिवाळ्यात थोडा थोडा भाग कोरडा करून त्याची दुरुस्ती केली. पूर्वी लॉकचे दरवाजे माणसे दांडा फिरवून उघडत. आता ते यंत्रांनी उघडतात. दगड मात्र पुष्कळसे तेच आहेत.

तर मित्रांनो, आपण फोर्ट ऑगस्टसच्या काठावरच उभे आहोत. संध्याकाळ झाली आहे. वरच्या लॉकमध्ये एक होडी उतरायला तयार आहे. झडपा उघडतात, पाणी खाली जाऊ लागते आणि हौदाच्या ओल्या, हिरवट भिंती दिसू लागतात. एकेक दगड सरळ घडवलेला, एकावर एक नीट बसवलेला. एक हौद, दोन हौद, पाच हौद. खाली पूल वळतो, मोटारी थांबतात आणि होडी नेस सरोवराच्या काळ्या पाण्यात निघून जाते.